अंगणातली सात जणांची गाडी

टोमॅटोच्या पैशांतून आम्ही गाडी घेतली, एवढेच गावाला ठाऊक आहे. आणि ते खोटेही नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला होता. आमचे दीड एकर नेमके त्याच वेळी तोडणीला आले. घरात इतका रोख पैसा एकदम कधी आला नव्हता. आबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, म्हणणे पडले की विहीर खोल करावी. धाकटे भाऊजी म्हणाले, गाडी घ्यावी. घरात लहानथोर मिळून आम्ही दहा माणसे, दोन मोटारसायकली, आणि सासूबाईंचे गुडघे असे की त्यांना मोटारसायकलवर बसवायचे म्हणजे दोघांनी धरून उचलावे लागे. अखेर थोडी विहीर आणि थोडी गाडी असा तोडगा निघाला. चार लाख रोख भरले, सहा लाखांचे कर्ज काढले, आणि ऑगस्टच्या अखेरीस उंच, पांढरी, डिझेलवर चालणारी सात जणांची गाडी अंगणात येऊन उभी राहिली. सासूबाईंनी चाकाखाली लिंबू ठेवले, आबांनी नारळ फोडला, आणि पेढे वाटून झाले.

सप्टेंबर उजाडला तसा टोमॅटोचा भाव असा कोसळला की तोडणीची मजुरी सुटेना. ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतून दिला. आमचाही थोडा माल बांधावर कुजला. गाडी मात्र अंगणातच होती, आणि दरमहा साडेबारा हजारांच्या आसपासचा हप्ताही.

तेव्हापासून गाडीची वही माझ्याकडे आहे. दुधाची, मजुरीची आणि खताची वही पूर्वीपासून मीच लिहीत आले; त्यात ही एक भर पडली. ज्यांच्या घरात अशी मोठी गाडी आली आहे, किंवा येऊ घातली आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून त्या वहीतले काही इथे मांडते.

आमच्या लहानपणी चार चाकांची उंच गाडी म्हणजे जीप, आणि जीप म्हणजे साहेबाची. मामलेदार, बीडीओ, नाहीतर निवडणुकीतले पुढारी. मुंबईत महिंद्रांनी १९४७ साली विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पण शेतकऱ्याच्या घरात ती शिरायला पुढे चाळीस-पन्नास वर्षे लागली. मधल्या काळात बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली आणि तिने खेड्यापाड्यांतली माणसे वाहिली. आमच्याकडे त्या गाड्यांना काळी-पिवळी म्हणत. सातारा-कोल्हापूरकडे त्यालाच वडाप म्हणतात. १९९४ साली टाटांची सुमो निघाली. तिचे नाव जपानी पहिलवानांवरून पडले असे पुष्कळांना वाटते. ते पडले आपल्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून, सुमंतमधला ‘सु’ आणि मुळगावकरमधला ‘मु’चा ‘मो’. २००० साली नाशिकच्या कारखान्यातून बोलेरो बाहेर पडली, आणि त्यानंतर गावोगावच्या अंगणांत ह्या जातीची गाडी दिसू लागली ती आजतागायत.

शेतकऱ्याला ही जात का मानवते, हे खाली वाकून पाहिले की कळते. शहरी मोटारीचा पत्रा हाच तिचा सांगाडा असतो. आमच्या गाडीला खाली ट्रकसारखी लोखंडी चासी आहे, तिच्यावर वरचा डबा बसवलेला, आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. त्यामुळे रिकामी गाडी खडीच्या रस्त्यावर उडते, आणि माणसे भरली की शहाण्यासारखी चालते. पोट जमिनीपासून वीतभर उंच राहते, म्हणून बांधावरून, चाकोरीतून, ओढ्याच्या फरशीवरून जाता येते. पण ह्या उंचीचीच दुसरी बाजू अशी की वळणावर ती जास्त झुकते. टपावर कॅरिअर बसवून त्यावर वजन चढवले की आणखी झुकते. म्हणून जड वस्तू खाली, चाकांच्या मध्ये, आणि टपावर फक्त गादी, चटई, रिकामे क्रेट. हे आम्ही पहिल्या दिवसापासून पाळले असे म्हणायला मला आवडले असते.

सात जणांच्या गाडीत माल किती बसतो, हा प्रश्न आमच्या घरात चुकीच्या मापाने मोजला गेला. मागचे बाक दुमडले की केवढी जागा होते! जागा आहे म्हणजे भरायला हरकत नाही, असा आमच्या ह्यांचा हिशेब. पण जागा वेगळी आणि वजन वेगळे. माणशी पासष्ट-सत्तर किलो धरले तर सात माणसे म्हणजे साडेचारशे ते पाचशे किलो. गाडी बांधणाऱ्याने साधारण तेवढा विचार करून पाटे, ब्रेक आणि टायर दिलेले असतात. गाडीचे भारासकट एकूण वजन किती असावे हे गाडीवरच्या पट्टीवर आणि कागदांत दिलेले असते. त्या मापाने चालक, जोडीला एक माणूस आणि पंधरा क्रेट म्हणजे चारशे तीस-चाळीस किलो झाले, की गाडी भरली. मागे कितीही जागा मोकळी दिसो.

त्या वर्षी दिवाळीनंतर कल्याणच्या बाजारात भाव बरा आहे असे कळले, म्हणून हे आणि शेजारचा एक मुलगा रात्री दोनला निघाले. गाडीत बावीस क्रेट आणि टपावर आठ. सहाशे किलो नुसता माल. ओतूर, मढ करीत माळशेज घाटाच्या तोंडाशी आले. घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. आमच्या बाजूने जाताना तो सगळा उतार आहे, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, आणि पहाटे अनेकदा धुके. ह्यांनी जुन्या ट्रकवाल्यांकडून ऐकलेले, की उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते. तसे केले. पाचसहा वळणे गेली, वेग वाढत गेला, ब्रेकवर पाय दाबून दाबून ठेवावा लागला. मग जळक्या रबरासारखा वास आला. त्याच्या पुढच्या वळणाला पाय नेहमीपेक्षा खूप खाली गेला आणि गाडी थांबेना.

त्या मुलाने पुढे सांगितले, की काका काही बोलले नाहीत, फक्त दात आवळले. ह्यांनी जोर लावून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, इंजिन ओरडले, आणि कड्याच्या बाजूच्या गटारीत चाक घालून, दगडाला घासत गाडी उभी केली. डाव्या अंगाचा पत्रा पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत सोलला गेला. तासभर दोघे रस्त्याच्या कडेला बसून होते. हे मला ह्यांनी त्या दिवशी सांगितलेच नाही. पत्रा टेम्पोला घासला म्हणाले. पंधरा दिवसांनी त्या मुलाच्या आईकडून कळले.

मग मी चौकशी केली. ब्रेक सतत दाबून धरला की तो तापतो. फार तापला की आतले तेल उकळते, त्यात वाफ धरते, आणि पाय दाबला तरी जोर चाकापर्यंत पोचत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावा; मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक अधूनमधून, थोडा थोडा लावला तरी पुरतो. आणि डिझेलचे म्हणाल तर आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की उताराला डिझेलचा पुरवठा आपोआप तुटतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडे थोडे डिझेल जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लागला, ती बचत नव्हतीच. काहीजण तर उताराला इंजिनच बंद करतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की ब्रेकला जी मदत मिळते ती चालू इंजिनाकडून. इंजिन बंद झाले की दोनतीन दाबांत ब्रेक दगडासारखा कडक होतो.

तेव्हापासून बाजाराचा माल भाड्याच्या पिकअपने जातो. आमच्या गाडीत रोपवाटिकेतले रोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्यांची बंडले, दुरुस्तीला न्यायची पाण्यातली मोटर, चारदोन गोणी, असा घरचा माल येतो. पिकअपचे भाडे आबांना सुरुवातीला खुपले. “दारात गाडी असताना भाडं कशाला?” असे ते म्हणत. मी त्यांना वही वाचून दाखवली.

ती वही अशी. वर्षाला गाडी साधारण १२,००० किलोमीटर चालते. आमच्या रस्त्यांवर लिटरला तेरा किलोमीटर पडतात. डिझेल नव्वद रुपये धरले तर वर्षाचे ८३,००० झाले. विमा २७,०००, तेलपाणी आणि दुरुस्ती १५,०००, टायर झिजतात त्याचे वर्षाला ६,००० बाजूला टाकावे लागतात. हे झाले १,३१,०००, म्हणजे किलोमीटरला अकरा रुपये. त्यात हप्त्याचे दीड लाख मिळवले की किलोमीटरला तेवीस-साडेतेवीस. भाऊजी एकदा फवारणीच्या पंपाचे चाळीस रुपयांचे नोझल आणायला गाडी घेऊन आळेफाट्याला गेले, जाऊनयेऊन तीस किलोमीटर. मी वहीत लिहिले, नोझल ३७० रुपये. ते पाहून ते हसले, पण पुढच्या वेळी मोटारसायकल काढली. मोटारसायकलचे काम मोटारसायकलने करावे, हे बोलायला सोपे आहे. पाऊस असला की सगळ्यांना गाडीच आठवते.

हप्ता असा मानगुटीवर असला की जो मोह होतो तो आम्हालाही झाला. भाऊजींच्या एका मित्राने सुचवले, की सुटीच्या दिवशी लेण्याद्री-ओझरला येणारे लोक, लग्नाची वऱ्हाडे, शिर्डीचे भाविक असे भाडे मारावे; महिन्याचा हप्ता चार दिवसांत निघेल. खोटे नव्हते, निघालाही असता. आसपास पुष्कळजण तसे करतात. पण आमच्या गाडीची पाटी पांढरी आहे. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते. तिचा कर, तिचा परवाना, तिचा विमा सगळेच निराळे. घरगुती म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. जखमी परक्या माणसाची भरपाई मग कोणी द्यायची? जमीन विकून आपण. भाऊजींना हे पटायला वेळ लागला. तीनचार महिने घरात ह्या विषयावरून जेवताना कोणी फारसे बोलत नसे. शेवटी आबांनी विचारले, “सातबारा माझ्या नावावर आहे ना? मग मी नाही म्हणतो.” तिथे तो विषय संपला. सोयऱ्याधायऱ्यांनी आपण होऊन डिझेल टाकले तर आम्ही नको म्हणत नाही. पण भाडे ठरवून गाडी दारातून हलत नाही. हप्ता आम्ही दुधावर फेडतो. त्यासाठी एक गाय वाढवली. गाडीपायी गाय वाढवणारे आम्हीच असू.

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना अजून माझा हात थरथरतो.

शेतकऱ्याच्या घराला अंगण असते, आणि अंगणातच गाडी, गुरे, कोंबड्या, मुले सगळे असते. ही गाडी उंच. चालकाच्या जागेवर बसले की लांबचे छान दिसते, पण नाकासमोरचे आणि पाठीमागचे काही हात दिसतच नाहीत. तीन वर्षांचे मूल त्या पट्ट्यात बसले तर ते नाहीच असे समजा. २०१९ च्या जुलैपासून नव्या गाड्यांना मागे काही आले की पीं पीं वाजणारे यंत्र सक्तीचे झाले आहे. आमच्या गाडीलाही आहे. पण आमच्या अंगणाच्या कडेला घोसाळ्याचा वेल आणि कडब्याची गंज. गाडी मागे घेताना ते यंत्र रोजच कोकलायचे. रोज कोकलते म्हणून कोणी लक्ष देईना. त्यावर चिखल बसला तर ते वाजतही नाही, ती आणखी निराळी गोष्ट.

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊजींनी गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. यंत्र वाजत होते. मी ओट्यावर मेथी निवडत होते. त्यांचा धाकटा मुलगा, आम्ही त्याला बाळ्या म्हणतो, मागच्या चाकाच्या मागे मातीचे बैल मांडून बसला होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी हातातली परात गाडीच्या पत्र्यावर फेकली. तो आवाज झाला म्हणून भाऊजी थांबले. चाक आणि पोर ह्यांच्यात एक मातीचा बैल होता, तो फुटला.

भाऊजी खाली उतरले, पाहिले आणि तिथेच चिखलात बसले. त्यांना उठवायला ह्यांना यावे लागले. पत्र्याला परातीचा खळगा पडला आहे. तो आम्ही मुद्दाम काढून घेतला नाही.

त्या दिवसापासून नेम असा, की गाडी मागे घ्यायची तर एक मोठे माणूस खाली उभे राहते, आणि घरातली सगळी लहान मुले ओट्यावर, नजरेसमोर आल्याशिवाय किल्ली फिरत नाही. घरात दुसरे कोणी नसेल तर चालकाने गाडीभोवती एक फेरी मारून मग बसायचे. शिवाय गाडी आता तोंड रस्त्याकडे करूनच उभी करतो, म्हणजे निघताना मागे घ्यावीच लागत नाही. घोसाळ्याचा वेल दुसरीकडे नेला. त्यामुळे यंत्र आता वाजले म्हणजे खरेच काही आहे असे समजते.

त्याच महिन्यात मी गाडी शिकले. तालुक्याच्या गावी शिकाऊ परवाना काढला, शिकवणीच्या छोट्या मोटारीवर हात बसवला आणि मग ह्या धुडावर. सासूबाई पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसून देवाचे नाव घेत होत्या. आता मी चालवत असेन तर पुढे बसतात, कारण मी हळू चालवते. घरात चालवणारे तीन झाले. ह्याचा उपयोग पुढच्याच जानेवारीत झाला. हे पुण्याला गेले होते, भाऊजी रात्रपाळीच्या विजेवर पाणी भरायला मळ्यात, आणि धाकट्या जाऊला अवेळी कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावला. ती लांबच्या गावाला गेलेली होती. जाऊला मधल्या बाकावर आडवी केली, सासूबाई तिच्या उशाशी, आणि मी चालवायला. उसाच्या दोन फडांमधून रस्ता आहे. तिथे दिव्याच्या उजेडात बिबट्या रस्ता ओलांडून गेला, घाई न करता. जुन्नर तालुक्यात ह्याचे नवल नाही. माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र आमच्याच तालुक्यात आहे. पण मोटारसायकलवर असतो तर काय झाले असते, हे त्या रात्री आम्ही कोणीच बोललो नाही. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

देखभालीचे थोडक्यात सांगते, कारण कंपनीच्या पुस्तकात ते असतेच; पण शेतकऱ्याच्या गाडीच्या दोनतीन खोडी त्या पुस्तकात सापडत नाहीत. एक म्हणजे खत. युरियाची गोणी फाटली आणि दाणे चटईखाली गेले, की ते ओल धरतात आणि पत्रा खातात. गोणी न्यायचीच असेल तर खाली ताडपत्री, आणि उतरवल्यावर झाडून धुऊन घेणे. कीटकनाशकाची बाटली मात्र माणसे बसतात त्या बंद डब्यात आम्ही ठेवतच नाही. धान्य, भाजी, मुलांचा डबा ह्यांच्याबरोबर तर कधीच नाही. दुसरी खोड उंदरांची. कांद्याच्या चाळीशेजारी गाडी उभी असे, तेव्हा उंदरांनी दोनदा वायरी कुरतडल्या. जागा बदलली, थांबले.

तिसरी गोष्ट नव्या गाड्यांची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी गाळणारी चाळणी असते. गाडी चांगली तापून लांब धावली की ती काजळी आतच जळून जाते. पण घर ते मळा, मळा ते डेअरी अशी दोनदोन किलोमीटरची ये-जा केली की नळी पुरती तापत नाही, काजळी साचते आणि समोर दिवा लागतो. तो पाहून आम्ही घाबरलो होतो. गॅरेजवाल्याने पुष्कळ मोठा खर्च सांगितला. दुसऱ्याने सांगितले, की आधी पुणे-नाशिक रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवून पाहा. दिवा विझला. म्हणून आठवड्यातून एकदा गाडीला तिची धाव देतो, आणि बाजारहाट त्याच दिवशी करतो.

टायरच्या बाजूला चार आकडी अंक कोरलेला असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा झालेला असू शकतो. स्टेपनी खाली टांगलेली असते आणि तिची हवा कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिली नव्हती, आणि मुरबाडच्या अलीकडे भर पावसात ते कळले.

पावसाचे निघाले म्हणून सांगते. गाडी उंच आहे म्हणून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात घालू नका. फूट-दोन फूट धावते पाणी जड गाडीलाही उचलते. फरशी दिसत नसेल तर ती तिथे आहेच असे धरून चालू नये. आमच्या ओढ्याला पाणी चढले की आम्ही काठावर थांबतो. दोन तास गेले तरी जातात. एकदा थांबलो असताना मुलांनी डब्यातल्या सगळ्या चकल्या संपवल्या, एवढेच नुकसान झाले.

हे सगळे वाचून गाडी म्हणजे नुसती कटकट असे वाटेल. तसे नाही. भाताची लावणी आटोपली की आम्ही एक दिवस नाणेघाटाला जातो. जुन्नरवरून चावंडच्या पायथ्याने, घाटघर करीत रस्ता थेट वर जातो. शिदोरी बाजरीच्या भाकरीची, सुक्या पिठल्याची आणि ठेच्याची. घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून मालाचे बैल वर चढत तेव्हा जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे. आबा दरवर्षी त्या रांजणात वाकून पाहतात आणि दरवर्षी म्हणतात, “आमच्या हप्त्याला काही उरलंय का बघतो.” समोर खाली सगळे कोकण धुक्यात. सासूबाईंनी आयुष्य ह्या डोंगराच्या अलीकडे काढले. पलीकडे काय आहे हे त्यांनी प्रथम साठी उलटल्यावर पाहिले.

पुढच्या वर्षी समुद्रही दाखवला. दिवेआगरला गेलो. किनाऱ्यावर शहरातली एक मोठी गाडी लोकांनी थेट वाळूत नेली होती. चाके फिरत होती आणि खाली खाली जात होती. भरती चढत होती. गावातल्या ट्रॅक्टरने दोर लावून ती ओढली तेव्हा पाणी दारापाशी आले होते. आम्ही आमची गाडी सुरूच्या झाडांखाली ठेवून चालत गेलो. सासूबाई घोटाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली, कारण खारा वारासुद्धा लोखंडाला मानवत नाही.

प्रवासात कोण कुठे बसणार, हा मोठा राजकारणाचा विषय. आमच्या गाडीत सगळ्यात मागे समोरासमोर दोन आडवी बाके आहेत. तिथे बसले की पोटात ढवळते, आणि धक्का बसला तर आधारही कमी. म्हणून लहान मुले मधल्या बाकावर, पट्टा लावून. मागे धडधाकट मोठी माणसे, तीही लांबच्या प्रवासाला शक्यतो नाहीच. मागच्यांना पट्टा कशाला, असे हेही विचारत. २०२२ च्या ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. ते मागच्या बाकावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. इतकी भारी गाडी असून. तेव्हापासून हे विचारत नाहीत. दहाजण असल्यावर तिघांनी एसटीने यायचे किंवा पुढच्या वेळी यायचे. चिठ्ठ्या टाकतो. रडारड होते.

ह्यावरूनच आमचा एक सोयरा तुटला. गेल्या वर्षी वैशाखात मामेसासऱ्यांच्या थोरल्या मुलाचे लग्न मुरबाडकडे होते, म्हणजे पुन्हा माळशेज घाट. मामा आदल्या रात्री आले आणि म्हणाले, “तुमच्या गाडीत चौदा माणसं घालू. आपलीच माणसं हायेत, दाटीवाटीनं बसतील.” मी म्हटले, “मामा, सात जणांना नेतो. बाकीच्यांसाठी दुसरी गाडी पाहू, तिचं निम्मं भाडं आम्ही देतो.” हे गप्प होते. मामा ह्यांच्याकडे पाहत राहिले. घरच्या सुनेने असे बोलावे आणि मुलाने ऐकून घ्यावे, हे त्यांना लागले. जादा माणसे भरली की दंड होऊ शकतो, पण ते मी बोलले नाही. दंडाचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी एवढेच विचारले, “मामा, घाटात माझा ब्रेक गेला होता, तुम्हाला माहीत आहे का?” गाव सोडा, आबांनाही तोवर ते माहीत नव्हते. आबा ताडकन उठून आत गेले.

मामा उठले. चहा तसाच राहिला. लग्नाला आम्ही गेलो, आमच्या गाडीतून सातजण. वऱ्हाडाने दुसरी गाडी केली, आणि आम्ही देऊ केलेले निम्मे भाडे त्यांनी घेतले नाही. जेवणाच्या पंगतीत मामींनी माझ्या ताटात जिलबी वाढली, पण बोलल्या नाहीत. तेव्हापासून जाणे-येणे बंद आहे. सासूबाईंना त्याचे फार वाटते. त्यांचा तो सख्खा भाऊ. पण मला त्यांनी एका शब्दाने बोल लावलेला नाही.

येत्या वैशाखात मामांच्या धाकट्या मुलाचे लग्न आहे. परवा पत्रिका आली, माणसाच्या हाती आली, टपालाने नाही. लग्न ह्या वेळीही घाटाखालीच आहे. सासूबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. गाडीचा विषय अजून कोणी काढलेला नाही.